व्याह्याच्या गाडीचा टंच

भाजीवाल्याकडची मेथी ती आधी हुंगते, मग हातात घेते. हॉटेलात चहा बशीत ओतण्याआधी बशी उलटी करून बघते. एसटीत ड्रायव्हरच्या मागच्याच बाकावर बसते. तिथं जागा नसेल तर उभी राहते. नव्या साडीच्या काठाचा एक धागा ओढून काडीनं जाळते आणि वास घेते. पैंजण कानाजवळ नेऊन हलवते, डोळे मिटते, एखादं घुंगरू मुकं निघालं तर नखानं त्यावर खूण करते. गावाकडच्या बायकांसारखं ‘मी जातो, मी करतो’ असंच बोलते, आणि शहरातली एखादी सून त्यावर हसली तर पुढचं वाक्य आणखी मोठ्यानं. ‘बघू की’ म्हणाली म्हणजे नाही. राग आला की भांडी आपटत नाही. तिचा आवाज खाली जातो.

आणि कुणी ‘घरचंच हाय’ म्हटलं, की ती ती वस्तू दुसऱ्यांदा तपासते.

ही दानेश्वरी. माहेर हुपरीचं, सासर कोल्हापूरचं. नवरा राजशेखर मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर दिवाणजी आहे. सज्जन माणूस. इतका सज्जन, की समोरच्यानं पायावर पाय दिला तर हाच ‘माफ करा’ म्हणतो. अशा माणसाशी संसार करायचा तर घरात एकानं तरी डोळे उघडे ठेवावे लागतात. ते काम दानेश्वरीकडे आलं.

हुपरीत तिच्या भावाच्या घरी पैंजण होतात. ती ते कोल्हापुरात सराफांच्या गुजरीत, निपाणीत, संकेश्वरात, गडहिंग्लजला दुकानदारांना पोचवते. पहिल्यापासून तिनं एक रीत सांभाळली. चांदी हातात आली की टंच काढायचा, म्हणजे शुद्धता तपासायची. तुकडा कापायचा, तपासायला द्यायचा, आकडा येईपर्यंत तिथंच बसून गप्पा मारायच्या. भावाच्या मालाचाही टंच. भाऊ समोर बसून पान खात असतो. तो रागावत नाही. उलट बहिणीनं एखाद्या दिवशी न तपासता माल उचलला तर त्याला वाईट वाटेल, हिनं आपला माल हलका धरला म्हणून.

चांदीत हे सगळ्यांना मान्य आहे. टंच काढला म्हणून हुपरीत कुणी नाक मुरडल्याचं ऐकिवात नाही.

ती माल कमरेला बांधून एसटीनं फिरायची. उन्हाळ्यात कमरेवर वळ उठायचे. ओळखीचा कंडक्टर म्हणायचा, “मावशी, बसल्यावर गाडी एका अंगाला कलती की. दोन तिकिटं काढू काय?” ती म्हणायची, “काढ. एक माझं, एक तुझ्या जिभेचं.” पण गेल्या वर्षी गडहिंग्लजच्या स्टँडवर कुणीतरी मागून पदराखाली हात घातला. तिनं मनगट धरलं, पिरगाळलं, चोर पळाला, माल वाचला. त्या संध्याकाळी घरी आल्यावर तिनं खाली गेलेल्या आवाजात सांगितलं, “मला गाडी पायजे. मीच चालवणार.”

राजशेखर म्हणाला, “ह्या वयात?”

“ह्या वयात चोर सोडतोय व्हय मला?”

ती शिकली. लायसन काढलं. मग कोणती गाडी, हा प्रश्न आला, आणि इथं तिनं जे केलं ते पोराबाळांनाही जमणार नाही. रोज रात्रीची भांडी झाली की ती मोबाइल घेऊन बसायची. कंपनीच्या जाहिराती बघायची नाही. ज्यांनी गाडी घेतली आणि जे आता बोंबलतायत, त्यांचं ऐकायची. “दुकानदार गुण सांगतो, मालक दुखणं सांगतो,” ती म्हणायची.

कोल्हापुरात गाडी पळते कमी आणि थांबते जास्त. सीएनजीच्या रांगेत जन्म जातो. म्हणून तिचं मन हायब्रिडवर बसलं. थांबली की इंजिन आपोआप बंद, हळू चालली की बॅटरीवर, वेग घेतला की पेट्रोलवर. नवी झेपणारी नव्हती. वापरलेली घ्यायची. आणि वापरलेल्या हायब्रिडचं दुखणं एकच मोठं, मागची भली थोरली बॅटरी. ती गेली की गाडी म्हणजे पांढरा हत्ती.

सगळं शिकून ती तयार झाली, आणि व्याह्यांचा फोन आला.

व्याही म्हणजे कागलचे शिवय्या. खतांचं दुकान, गावात वजन, गळ्यात इष्टलिंगाचा चांदीचा करडा. त्यांच्या शिवकुमारला दानेश्वरीची विद्याश्री दिलेली. लग्नाला वर्ष झालं होतं. फोन राजशेखरनं घेतला. शिवय्यांच्या पुतण्याची हायब्रिड होती, ती त्यांनी स्वतःकडे घेतलेली, आता नवी घेणार होते. “बाहेर कशाला द्यायची? घरचीच गाडी घरात राहील,” शिवय्या म्हणाले. राजशेखरनं तिथल्या तिथं शब्द दिला.

दानेश्वरी भाकरी थापत होती. थापता थापता थांबली.

“गाडी कुठं उभी असायची? पुतण्या राहतो कुठं?”

“इथंच, कोल्हापुरात. नागाळा पार्कात.”

“महापुरात कुठं होती गाडी?”

दोन हजार एकवीसला पंचगंगेचं पाणी नागाळा पार्कात शिरलं तेव्हा अख्ख्या पार्किंगच्या पार्किंग बुडाल्या होत्या. पुढं त्यातल्या कितीतरी गाड्या धुऊन, पुसून, अत्तर मारून बाजारात आल्या. कोल्हापूरच्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

“अगं, व्याही हायत ते,” तो म्हणाला. “असं विचारत्यात काय?”

“सख्ख्या भावाच्या चांदीचा टंच काढतो मी.”

“चांदीचं निराळं. व्याह्याच्या गाडीखाली वाकून बघायचं म्हणजे त्यांच्या तोंडावर चोर म्हणायचं. पोरगी दिलीय आपण तिथं.”

“पोरगी बी बघूनच दिली की. का तवा बी डोळं मिटलं हुतं?”

त्या रात्री त्या घरात कुणी भाकरी नीट खाल्ली नाही.

दुसऱ्या दिवशी ती आदर्शकडे गेली. आदर्श हायब्रिड गाड्यांचं काम करतो, त्याच्याकडे बॅटरी तपासायचं यंत्र आहे. कागलला चल म्हटल्यावर तो तयार झाला. गाडी कुणाची म्हटल्यावर त्यानं हातातला पाना खाली ठेवला.

“काकू, नवऱ्याच्या, पोराच्या, वैऱ्याच्या, कुणाच्या बी गाडीला यंत्र लावतो. व्याह्याच्या न्हाय.”

“का? त्यात काय साप असतो?”

“माझ्या भणीची सोयरीक जमवायची हाय अजून. उद्या म्हणतील, ह्यो तर पावण्यांच्या घरात जाऊन उलाढाल्या करतोय.”

“मर्दा, मिशी कशाला ठेवलीयास मग?”

“शोभंला,” आदर्श म्हणाला, आणि खाली मान घालून त्यानं तिला सगळं सांगितलं तरी. गार गाडी चालू करा. आधीच गरम करून ठेवली असेल तर काहीतरी दडवलंय. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. वरचा पट्टा सगळे धुतात, आत गुंडाळलेला कुणी धूत नाही. मागच्या सीटच्या कडेला जाळी असते, तिथून बॅटरी हवा घेते; जाळीच्या आत गाळ दिसला तर गाडी बुडालेली. “आज चालंल, उद्या चालंल. एक दिवस घाटात मधी बसंल. तुमच्याजवळ माल असणार, आणि पाठीमागनं उसाचा ट्रक.”

आयतवारी नवराबायको दोघं कागलला गेली. शिवय्यांच्या दारात गाडी उभी होती. पांढरी, धुतलेली, बॉनेटवर झेंडूचा हार, काचेला हळदीकुंकू. दानेश्वरीनं पायातली चप्पल काढायच्या आधी बॉनेटवर तळहात ठेवला. गरम.

“तुमच्यासाठी चालू करून ठेवली हुती, अक्का,” शिवय्या हसून म्हणाले. “गार इंजिनावर बसवायचं काय विहीणबाईंना?”

आत जेवणाचा बेत होता. होळगी म्हणजे पुरणपोळी, कटाची आमटी, तूप. दानेश्वरी म्हणाली, आधी गाडी बघू, मग जेवू. राजशेखरनं तिच्याकडं बघितलं, जसं बैल हाकणारा बुजलेल्या बैलाकडं बघतो. शिवय्या म्हणाले, बघा की, तुमचीच हाय. पण सगळे उठून अंगणात आले. शिवकुमार आला. दोन शेजारी कठड्यावर येऊन बसले. विद्याश्री स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, हाताला पुरण लागलेलं.

“सर्व्हिसचे कागद हायत?” दानेश्वरीनं विचारलं.

“नात्यात कागद कुठं मागत्यात, अक्का?”

“नात्यातलं विसरायला हुतं, अण्णा. कागदावरचं ऱ्हातं.”

कठड्यावरचा एक शेजारी खुदकन हसला. शिवय्या हसले नाहीत.

ती पुढच्या सीटवर बसली. सीटबेल्ट ओढला. ओढत राहिली. पट्टा संपत आला तसा तिचा हात हळू झाला. पट्ट्याच्या शेवटाला करडा, मातकट रंग होता. जिथं तो रंग संपत होता तिथं एक सरळ आडवी रेघ होती. नदी उतरल्यावर कोल्हापूरच्या भिंतींवर जी रेघ राहते, तसली.

“धूळ हाय ती,” शिवय्या म्हणाले.

“धूळ वरनं पडती. ही खालनं चढलीय.”

“अक्का, तुम्हाला चांदीतलं कळतंय. गाडीतलं बी आम्हाला शिकवणार आता?” शिवय्यांचा आवाज चढला. “राजशेखरअण्णा, पंचनामा करायला आलासा व्हय माझा? पोलीस बी बोलवायचं मग.”

राजशेखर म्हणाला, “न्हाय न्हाय, तिला सवय हाय, तिचं मनावर घेऊ नगा.”

ही वाक्यं दानेश्वरीनं आयुष्यभर ऐकली आहेत. तिचं मनावर घेऊ नका. ती अशीच आहे. जणू डोळे असणं हा एक आजार आहे आणि घरच्यांनी त्याबद्दल पाहुण्यांची माफी मागायची असते. जो माणूस बुडालेली गाडी धुऊन, हार घालून सुनेच्या आईला देतो, त्याच्या अंगणात तिनं बारीक तोंडानं उभं राहायचं होतं. आणि ज्यानं फसवलं त्याचा अपमान होऊ नये याची काळजी बाकी सगळ्यांनी घ्यायची होती. असा हा न्याय. हा न्याय आपल्याकडं फक्त सोयरिकीत चालतो, आणि त्याला आपण संस्कार म्हणतो.

ती उतरली, मागचं दार उघडलं, पदर खोचला आणि सीटच्या कडेला गुडघ्यावर बसली. जाळी तिथं होती. पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला. जाळीच्या कडेला लावला.

तेवढ्यात दुसऱ्या बाजूचं दार उघडून विद्याश्री आत आली. आईच्या हातावर हात ठेवला. पुरणाचा हात.

“अव्वा, पुरं कर.”

“सर बाजूला. बघू दे.”

“काय बघणार हाईस?” विद्याश्री अगदी हळू म्हणाली. “बुडलीती गाडी. सीटांपतूर. इमा कंपनीचं पैसं घेतलं आन् ही बी ठेवली. मला समदं ठावं हाय.”

दानेश्वरीनं लेकीकडं बघितलं.

“तुला ठावं हुतं? आन् मला फोन नाय केलास?”

“केला असता तर त्यांना कळलं असतं, कुणी सांगितलं ते. तू आज ओरडून जाशील, अव्वा. मला ह्याच घरात ऱ्हायचंय.”

बाहेर शिवय्या मोठ्यानं कुणाला तरी नव्या गाडीचं सांगत होते. शिवकुमार खाली बघत पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. गाडीत अत्तराचा वास होता, आणि अत्तराच्या खाली दुसरा, ओल्या गोणपाटाचा.

लेकीला वाढवताना दानेश्वरीनं तिला एकच शिकवलं होतं. वस्तू घासून बघायची, मग बोलायचं. पोरीनं सासर घासून बघितलं होतं. आणि ठरवलं होतं, बोलायचं नाही.

दानेश्वरी बाहेर आली. गुडघ्याची माती झटकली. सगळे तिच्याकडं बघत होते. शिवय्यांचा जबडा आवळलेला होता. ते भांडणाला तयार होते. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, “गाडी बरी हाय, अण्णा. पण मला एवढी मोठी झेपायची न्हाय. मी लहान बघतो.”

शिवय्यांचा आवळलेला जबडा सुटला. ते इतके खूश झाले की त्यांनी स्वतः तिच्या ताटात तूप वाढलं. ती जेवली. होळगी मोडून, कटात बुडवून, शेवटपर्यंत जेवली. त्या दिवशी तिथं असलेल्या कुणालाही ते जेवण आठवलं तर समजणार नाही, की इतका राग गिळून माणूस वर होळगी कशी गिळू शकतो.

परतीच्या एसटीत राजशेखर म्हणाला, “बघ, शेवटी गोडच झालं.”

ती खिडकीतून बाहेर बघत होती. “तू आता स्टँडपतूर एक शब्द बोलू नगंस,” ती म्हणाली.

इतकंच असतं तर ही एका गिळलेल्या भांडणाची गोष्ट झाली असती. घरोघरी तशा असतात. पण पुढच्या आठवड्यात तिचा फोन वाजला. ती तेव्हा गुजरीत एका दुकानात माल दाखवत होती.

“नमस्कार ताई. मी कोडोलीचा जोतीराम. तुमी मला वळकत न्हाईसा. दुधाची डेअरी हाय माझी. शिवय्याअण्णांची ती पांढरी गाडी घेतोय मी.”

दानेश्वरी दुकानाच्या पायरीवर आली.

“घेतलीसा?”

“इसार दिलाय. गुरुवारी आणायची. त्याचं काय हाय, मला ह्या बॅटरीच्या गाडीतलं काय कळत न्हाय. मेकॅनिकला न्ह्यायला निघालोतो. तर अण्णा म्हणालं, कशाला खर्च? आमच्या विहीणबाईंनी समदी बघितलीय, पट्टं ओढून, खाली बसून. त्या हुपरीच्या हायत. टंच काढल्याबगर पाणी बी पीत न्हाईत. त्या बरी हाय म्हणाल्या.”

रस्त्यावरून कुणाची तरी वरात चालली होती. तिनं एक कान बोटानं दाबून धरला.

“तर म्हटलं, हुपरीतनं नंबर काढून तुमाला एकदा इचारावं. म्हातारीला डायलिसिसला न्ह्यावं लागतं, आठवड्यातनं दोनदा. वाटंत बंद पडायला नगो, एवढंच. तुमी बरी म्हटलासा न्हवं, ताई?”

आजवर दानेश्वरीनं कुणाच्या चांदीबद्दल एक शब्द खोटा बोललेला नाही. दुकानदार तिचा माल पुन्हा तपासत नाहीत ते त्यामुळं. तिचं नाव हाच तिचा शिक्का आहे. तो शिक्का शिवय्यांनी कागलच्या अंगणात तिच्याच तोंडून काढून घेतला आणि बुडालेल्या गाडीवर उठवला. होळगी वाढून.

खरं सांगायचं तर एक वाक्य पुरे होतं. ते वाक्य त्याच दिवशी कागलला पोचलं असतं. जोतीरामनं इसार परत मागितला असता, शिवय्यांनी विचारलं असतं, कोण बोललं. आणि विद्याश्री स्वयंपाकघराच्या दारात उभी असती.

“ताई? हाईसा न्हवं?”

“हाय. मी आत्ता दुकानात हाय, दादा,” दानेश्वरी म्हणाली. “सांजच्याला सांगतो. मीच फोन करतो.”

“करा हं ताई. वाट बघतो.”

दुकानदारानं विचारलं, कुणाचा फोन. ती म्हणाली, घरचाच. मग तिनं पैंजण उचलला, कानाजवळ नेला, हलवला. डोळे मिटले नाहीत.

तिला ओळखणाऱ्यांना हे पटत नाही. ज्या बाईनं गडहिंग्लजच्या स्टँडवर चोराचं मनगट पिरगाळलं, जी दिवाळीला आलेल्या फराळातली करंजीसुद्धा मोडून बघून खाते, ती त्या संध्याकाळी दारात बसून राहिली. मोबाइल मांडीवर. राजशेखर अडतीवरून आला, काय झालं म्हणाला, तिनं सांगितलं. त्यानं नेहमीचं सांगितलं, “आपल्याला काय करायचंय? तो डेअरीवाला मोठा माणूस हाय, त्याचं तो बघंल.” तेव्हा तिनं त्याच्याकडं असं बघितलं, की तो चप्पल न काढताच परत बाहेर गेला. राग होता तो. पण नवऱ्यावर काढायचा राग तो नव्हता, आणि जिथं काढायचा तिथं लेक उभी होती.

एकदा तिनं विद्याश्रीला फोन लावला. “कशी हाईस?” तिनं विचारलं. “बरी हाय, अव्वा,” लेक म्हणाली. मागं शिवय्यांचा खोकला ऐकू आला. दोघी पावसापाण्याचं बोलल्या आणि फोन ठेवला.

मग तिनं जोतीरामचा नंबर काढला. नावानं साठवला, ‘कोडोली डेअरी’. अंगठा हिरव्या खुणेवर नेला. शेजारणीनं वाटीभर साखर मागितली, ती उठली, साखर दिली, परत बसली. पुन्हा नंबर काढला. दिवा लावायची वेळ झाली. ती उठली.

मंगळवारी ती संकेश्वरला गेली. बुधवारी हुपरीला भावाकडं. भावानं चांदी पुढं ठेवली, तिनं तुकडा कापला, तपासायला पाठवला. आकडा येईपर्यंत भाऊ गप्पा मारत होता. तिचा मोबाइल पिशवीत एकदा वाजला. तिनं काढून बघितलं. कोडोली डेअरी. वाजू दिला, मग बंद झाला.

“कुणाचा गं?” भावानं विचारलं.

“करतो मी नंतर,” ती म्हणाली.

जोतीरामनं गाडी न्यायचा गुरुवार उजाडला, आणि तो फोन करायचा राहिला आहे.